छप्पर नसलेल्या घराचा मान

मित्रांनो, माझ्यात राजा नाही, राक्षस नाही आणि शेवटी कुणाचे लग्नही लागत नाही. मी एक जुने पुस्तक आहे आणि माझ्यात फक्त घरे आहेत. आयर्लंडच्या दक्षिणेला, समुद्राकडे उतरत जाणाऱ्या डोंगरात किलतुरा नावाचा एक धर्मग्राम, म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा मुलूख आहे. तिथल्या वाड्या, वाड्यांतली घराणी, मुलांना कुणाची नावे ठेवायची, मयताच्या घरी रात्र कशी जागवायची, दुष्काळात कोणती घरे बसली आणि कोणती तगली, एवढाच माझा विषय. इतरांना तो कंटाळवाणा वाटेल. ज्यांचे आजी-आजोबा या डोंगरातून कायमचे निघून गेले, त्यांना वाटत नाही.

कॉर्नेलियस हेगर्टी नावाच्या शाळामास्तरांनी मला लिहिले. सायकलवर लिहिले, असे लोक म्हणत. शाळा सुटली की मास्तर एकेका वाडीला जात, स्वयंपाकघरात बसून चहा घेत आणि नुसते ऐकत. समोर कागद काढला की माणसे गप्प होतात, हे त्यांना ठाऊक होते. लिहायचे ते घरी जाऊन लिहीत. माझ्या प्रस्तावनेत त्यांनी एक वाक्य मुद्दाम घातले: ‘आमच्याकडे माणसांविषयी हवे ते विचारा, पाच पिढ्या सांगू, जमिनीविषयी विचाराल, तर पाहुणे म्हणून आलात ते परके होऊन जाल.’ छापखान्यात खिळे जुळवणारा माणूस हे वाक्य जुळवताना थांबला, हसला आणि पुढे कामाला लागला. तोही डोंगरातलाच होता.

हिरव्या कापडी बांधणीत मी बाहेर पडले ते १९५८ साल होते. शेवटच्या पुठ्ठ्याला आतून एक घडीचा नकाशा चिकटवला होता. मास्तरांना तो नको होता. छापखान्याच्या मालकाने हट्ट धरला. नकाशा नसेल तर परदेशी माणूस पुस्तकाला हात लावत नाही, असे तो म्हणाला. पुढे दोघेही बरोबर ठरले.

गावाच्या वाचनालयात मला खिडकीजवळची जागा मिळाली. कुळाचा शोध घेत येणारी माणसे पुस्तक शेवटच्या पानांपासून वाचतात, हे मला तिथे कळले. आधी नावांची सूची, मग आडनाव, मग वाडी. प्रस्तावना कोणीच वाचत नाही. पण जेवढे वाचत तेवढे मनापासून. बॉस्टनहून आलेला एक धिप्पाड पोलीस माझ्या एका पानावर बोट ठेवून तासभर तसाच बसला होता. त्या पानावर एवढेच होते की त्याच्या पणजोबांच्या घराला ‘विहिरीवरचे’ म्हणत. जाताना त्याने मला दोन्ही हातांनी कपाटात ठेवले. सूचीजवळची माझी शिवण अशाच बोटांनी सैल झाली. त्या झिजण्याचे मला कधी वाईट वाटले नाही.

मग संगणक आले. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. बाप्तिस्मा, लग्न, जहाज, मरण, सगळे ते क्षणात दाखवतात. लोक पडद्यासमोर बसू लागले आणि माझी जागा खिडकीपासून भिंतीकडे आणि भिंतीकडून खालच्या फळीवर, गरम पाण्याच्या नळीशेजारी गेली. एका हिवाळ्यात त्या नळीला गळती लागली आणि माझ्या पहिल्या पानांना ओल आली. कसर लागली ती तेव्हाच. ग्रंथपाल ग्रेटा कॉटर हिने मला बाहेर काढून पुसले, वाळवले आणि दुसरी जागा नव्हती म्हणून परत तिथेच ठेवले. त्यानंतर बराच काळ मला कोणी उघडले नाही.

एका वसंतात बर्निस पॅटमोर आली. ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगो गावची, परिचारिका म्हणून निवृत्त झालेली, अंगाने सडसडीत, बोलायला मोकळी. तिने ग्रेटासमोर कागदांची जाड पिशवी ठेवली.

“हर्ली. वाडी गॉर्टनकिला. माझी आजी हॅना. एकोणीसशे बारा साली निघाली.”

“एवढं सगळं मिळालंय की तुम्हाला,” ग्रेटा कागद चाळत म्हणाली. “आता काय हवंय?”

“कागद मिळाले. माणूस नाही मिळाला.” बर्निस खुर्चीत बसली. “माझी आई ब्रायडी त्र्याण्णव वर्षांची आहे. ती कधी इकडे आली नाही. आजी तिला सांगायची, तिकडचं विचारू नकोस, दार बंद झालं, आता आपलं नाव घ्यायला तिथे कोणी उरलं नाही. आयुष्यभर आईने हे ऐकलं. आता झोपेतसुद्धा तेच विचारते. खरंच कोणी नाव घेत नाही का गं? मी सांगून आलेय, बघून येते म्हणून. रिकाम्या हाताने परत गेले तर तिला काय सांगू?”

ग्रेटाने खाली वाकून मला काढले, फुंकर मारली. “हे पुस्तक बाहेर न्यायचं नाही, असा नियम आहे. नियम मीच केलाय, म्हणून मी आता खिडकीतून बाहेर बघते. पावसात उघडू नका म्हणजे झालं.”

अशा रीतीने कितीतरी वर्षांनी मी वाचनालयाचा उंबरठा ओलांडला आणि पिशवीत बसून गॉर्टनकिलाला गेले.

वाडीच्या टोकाला हॅरिंग्टनांचे घर होते. बहीण नोनी आणि भाऊ जेरी, दोघेही सत्तरीपुढचे, दोघेही अविवाहित. बर्निसचे स्वागत झाले. चहा आला, मनुके घातलेला पाव आला, लोणी आले. जेरी पावसावर बोलला, मग पावसावरच पुन्हा बोलला. नोनीने ऑस्ट्रेलियात साप घरात येतात का ते विचारले. सगळे छान चालले होते. आणि मग बर्निसने मला टेबलावर ठेवले, मागचा पुठ्ठा उघडला आणि नकाशा उलगडला.

“हे बघा,” ती उत्साहाने म्हणाली, “इथे तुमचं घर. मग यातलं हर्लींचं शेत कुठलं? हे, ओढ्याजवळचं का?”

मी ती नजर पाहिली, मित्रांनो. नोनीने नकाशाकडे पाहिले नाही. तिने बर्निसच्या बोटाकडे पाहिले.

“हर्ली?” ती सावकाश म्हणाली. “जेरी, आपल्याकडे हर्ली होते का रे?”

जेरीने कपात साखर घातली. आधी एकदा घातली होतीच. “खालच्या धर्मग्रामात होते म्हणतात कोणी.”

“पण या पुस्तकात तर...”

“पुस्तकात काय, काहीही छापतात,” नोनी उठली. “चहा आणखी घेणार नसाल ना? गाईंची वेळ झाली.”

गाईंची वेळ झाली नव्हती. मला बोलता येत असते तर मी तिथेच सांगितले असते की हर्लींचे घर तुमच्या गोठ्यामागे, हाकेच्या अंतरावर होते. पण पुस्तकाला विचारल्याशिवाय बोलता येत नाही, आणि त्या दिवशी मला कोणी विचारत नव्हते. बर्निस आणखी दोन घरी गेली. दोन्ही घरी चहा मिळाला, दोन्ही घरी हर्ली कोणाला आठवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिने मला ग्रेटाच्या टेबलावर ठेवले, जरा आपटूनच. “माणसं खोटं बोलतात. तोंडावर, हसत हसत.”

“तुम्ही काय विचारलंत नेमकं?”

बर्निसने सांगितले. ग्रेटाने कपाळाला हात लावला.

“नकाशा उघडलात? नोनी हॅरिंग्टनच्या टेबलावर? अहो बाई, इथे घरात येऊन नकाशा कोण उघडतं माहितीय? सर्व्हेवाला नाहीतर वकील!”

“मी तर फक्त...”

“ओढ्याजवळचं ते शेत हॅरिंग्टन कधीपासून राखतात, देव जाणे. कागद झालेला नाही. अशी निम्मी शेतं आहेत इथे. मालक साता समुद्रापार गेले, कुणीतरी कुंपण धरलं, गुरं चारली. आणि एक दिवस परदेशातून बाई येते, हातात पुस्तक, बोट नेमकं शेतावर. त्या बिचारीला रात्रभर झोप लागली नसेल.”

“मला शेत नकोय!”

“मला कळलं. तिला कसं कळणार?” ग्रेटाने माझी पाने उलटली आणि घरमिस्साच्या प्रकरणाशी थांबली. “हे वाचा. नकाशा तिथेच राहू दे.”

मास्तरांनी त्या प्रकरणात लिहिले होते की वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, फादर प्रत्येक वाडीत येतात आणि एका घरात मिस्सा, म्हणजे एरवी चर्चमध्ये होणारी सामुदायिक उपासना होते. मान घरोघर फिरतो. ज्या घराचा मान, ते घर आधी आतबाहेर रंगवतात, स्वयंपाकघरातले टेबल उंच करून त्यावर पांढरे कापड घालतात आणि नंतर सगळ्या वाडीला न्याहारी देतात. त्या दिवशी दार कोणालाच बंद नसते. ज्याच्याशी वर्षभर बोलणे नाही, तोही येऊन बसतो.

“येत्या गुरुवारी मान हॅरिंग्टनांचाच आहे,” ग्रेटा म्हणाली. “माझी मावशी त्याच वाडीत आहे, मी जाणारच आहे. चला. विचारायचं मात्र काही नाही. बसायचं, खायचं, कप विसळायचे.”

“आणि पुस्तक?”

“पिशवीतच राहू दे.”

गुरुवारी सकाळी घर चुन्याच्या आणि ताज्या रंगाच्या वासाने भरले होते. मी पिशवीत, पिशवी खुंटीला, त्यामुळे पाहण्यापेक्षा मी ऐकले जास्त. मिस्सा झाला. मेणबत्त्या विझल्या, खुर्च्या ओढल्याचे आवाज आले, अंडी उकडल्याचा वास आला. जेरीच्या बाहीला दाराचा ओला रंग लागला होता आणि त्यावरून त्याला सगळ्यांनी घेरले होते.

“जेरी, दार रंगवलंस की स्वतःला?”

“हसा. तुमची घरं एकदा रंगतात तोवर माझं दोनदा रंगतं. या हिशेबाने मी पोपच्या राजवाड्यात राहायला हवं.”

लोक हसले आणि मग एकदम थांबले. कोणीतरी जेरीला ढोसले असावे. बर्निस सिंकजवळ कप विसळत होती, तिला ते कळले नाही.

फादर डेव्हिन हिवाळ्यातच बदलून आलेले, दुसऱ्या जिल्ह्यातले, तरुण आणि टापटिपीचे गृहस्थ होते. न्याहारी संपल्यावर पुढचा मान सांगायचा असतो. त्यांनी घसा साफ केला.

“शरदातला मिस्सा. आधीच्या फादरांनी मला क्रम सांगून ठेवलाय, त्यात हॅरिंग्टनांनंतर हर्ली येतात. मी परवा त्या बाजूला जाऊन आलो. तिथे घर नाही, चार भिंती आहेत आणि आत एल्डरचं झाड. तेव्हा मी क्रम नीट करून घेतो. हर्लींना वगळू या. पुढचा मान लूसींचा. चालेल ना सगळ्यांना?”

सिंकमधला नळ बंद झाला.

हा मान कसा चालतो ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होते, फादर आणि बर्निस सोडून. नोनीने ‘चालेल’ म्हटले असते की काम झाले असते. हर्ली नव्हतेच, हे तिचे म्हणणे फादरांच्या तोंडून कायमचे पक्के झाले असते. शेतावर बोट ठेवणारी बाई पुढच्या आठवड्यात विमानात बसली असती. मी नोनीची खुर्ची सरकल्याचा आवाज ऐकला.

“नाही चालणार, फादर.”

“बाई, पण तिथे राहतंय कोण?”

“कोणी राहत नाही. मान मात्र राहतो.” ती एकेक शब्द मोजून टाकत होती. “ब्रिजेट हर्लीची सगळी पोरं परदेशी गेली. ती एकटी राहिली आणि एकटीच गेली. जाताना तिने माझ्या आईचा हात धरला. म्हणाली, माझं छप्पर पडेल ते पडू दे, पण माझ्या घराचा मान पडू देऊ नकोस. माझं एखादं लेकरू कधी आलं तर त्याला कळू दे की आपण इथले होतो. आईने शब्द दिला. तेव्हापासून आमच्या मानानंतर त्यांचा मान आमच्याच घरात होतो. फादर उभे राहून म्हणतात, हा मिस्सा हर्लींच्या घरचा. आई गेली, मग मी. मी आहे तोवर कोणी वगळणार नाही.”

“म्हणून दोनदा रंग,” जेरी हळूच म्हणाला.

यातले एक अक्षर माझ्यात नव्हते, मित्रांनो. नोनीच्या आईने मास्तरांनाही सांगितले नव्हते. दिलेला शब्द ती चहाबरोबर वाटत नसे.

बर्निस हात न पुसताच पुढे आली. नोनीने तिच्याकडे तोंड वळवले.

“ऐकलंस? आता सांग. मी परवा खोटं बोलले, देवासमोर कबूल. हर्ली होते, शेतही होतं. बोल, काय न्यायला आलीस?”

“मला शेत नकोय,” बर्निस म्हणाली. “ब्रिजेट माझी पणजी. हॅना माझी आजी. माझी आई एवढंच विचारते, तिकडे आपलं नाव कोणी घेतं का.”

“घेतं का म्हणजे?” नोनी जवळजवळ रागावली. “अगं, फादर घेतात! मोठ्याने! गुडघ्यांवर बसून आम्ही सगळे घेतो!”

“हवं तर शेताचं मी लिहून देते...”

“लिहून बिहून नको. फादरांसमोर बोललीस, तेवढं बस्स.” नोनीने तिचे ओले हात आपल्या पदरात, म्हणजे त्या रंगाचे डाग पडलेल्या एप्रनमध्ये, धरून पुसले. “आणि पोरी, घरात आल्या आल्या माणसाचं नाव सांगावं. शेत कसलं विचारतेस? आईने हे शिकवलं नाही का?”

“तिलाही कोणी शिकवलं नव्हतं.”

“मग लाव तिला फोन. आत्ता लाव.”

बेंडिगोत संध्याकाळ होती. फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवला आणि सगळी वाडी त्याच्याभोवती वाकली. बर्निसने सांगितले, ब्रायडीला ऐकू कमी येत होते म्हणून पुन्हा सांगितले.

मग म्हातारीने विचारले, “दार कुठल्या बाजूला होतं गं?”

बर्निसला माहीत नव्हते. मलाही नव्हते. माझ्या नकाशात घर म्हणजे एक काळा ठिपका आहे.

“पूर्वेला, बाईसाहेब!” जेरी फोनवर ओरडला. “वाऱ्याकडे पाठ करून! तुमच्या आजीने बांधून घेतलेलं. आमच्या आईला हेवा वाटायचा!”

आणि ऑस्ट्रेलियातून, एका म्हाताऱ्या माणसाच्या खोलीतून, खुदकन हसल्याचा आवाज आला.

फादर डेव्हिननी क्रम बदलला नाही. शरदात बर्निस परत आली. आठवडाभर तिने जेरीबरोबर घर रंगवले आणि जेरीने तिला सारखे टोकले. मिस्साच्या सकाळी नोनीने एप्रन काढून तिच्या कमरेला बांधला आणि तिला दारात उभे केले. फादरांना घरात घ्यायला घरधनीण दारात असावी लागते, आणि त्या दिवशी घर हर्लींचे होते. ब्रायडी तोवर राहिली नव्हती. उन्हाळ्यात ती गेली. पण जाण्यापूर्वी तिने वृद्धाश्रमातल्या प्रत्येक परिचारिकेला आपल्या दाराची दिशा सांगून ठेवली होती, असे बर्निसने सांगितले.

मी आता पुन्हा वाचनालयात आहे. ग्रेटाने माझी शिवण नव्याने घालून घेतली आणि मला ओलीपासून दूर, वरच्या फळीवर ठेवले. माझ्यासारखी पुस्तके तुमच्याही गावात असतील. त्यांना कोरडी जागा द्या, मधून मधून उघडा, पानांना हवा लागू द्या. त्यांच्यात तुमची माणसे आहेत. पण मित्रांनो, मला वाचून झाले की मिटा आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या घरी जा. आत गेल्यावर आधी आपले नाव सांगा. मग गप्प बसा आणि चहा घ्या. जे आमच्यात छापले गेले नाही ते तिथे कोणीतरी सांभाळून बसलेले असते. विचारणारा वेळेत आला नाही, तर ते सांभाळणाऱ्याबरोबरच जाते.